हजेरी मिळाली, धडा कोण देणार?

गेल्या पंधरवड्यात एका संध्याकाळी आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी वडिलांना घेऊन घरी आला. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत प्रमाणपत्रे. तालुका, जिल्हा, आंतरमहाविद्यालयीन, आणि सर्वांत वर विद्यापीठाच्या कबड्डी संघातून परराज्यात खेळून आल्याचे. युनिव्हर्सिटी ब्लूचा कोट त्याने अंगात घातला नव्हता, घडी करून पिशवीच्या तळाशी ठेवला होता. गुणपत्रके मात्र वडिलांच्या खिशात होती. तीन वर्षे संपली, पाच विषय राहिले. वडील ओट्यावर टेकले आणि एवढेच म्हणाले, "सर, आता ह्याचं काय करूया, तुमीच सांगा की."

आमच्यापाशी उत्तर नव्हते. सातवीत असताना ह्या पोराला मैदानावर आम्हीच ढकलले होते. खेळ रे, खेळाने तुझे नाव होईल, असे सांगणारे आम्हीच. नाव झाले. पण नावाने पोट भरत नाही आणि पदवीवाचून नोकरीच्या अर्जाला हात लावता येत नाही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी त्याची गत झाली.

महाविद्यालयाने काही कमी केले असेही म्हणता येत नाही. प्रवासभत्ता दिला, ट्रॅकसूट दिला, स्नेहसंमेलनात हार घातला आणि स्पर्धेच्या दिवसांची हजेरी लावून 75 टक्क्यांचा आकडा भरून दिला. कागदावर हा मुलगा वर्गात बसलेला होता. प्रत्यक्षात तो सराव शिबिरात होता, रेल्वेच्या डब्यात होता, नाहीतर गुडघ्याला पट्टी बांधून खोलीवर पडलेला होता. त्या दिवसांत अर्थशास्त्राचे चार धडे होऊन गेले. ते त्याला पुन्हा कोणी शिकवले नाहीत, आणि ते कोणी शिकवायचे हे कोणाच्याच कामाच्या यादीत लिहिलेले नव्हते. फिजिकल डायरेक्टरांचे काम संघ नेण्याचे, प्राध्यापकांचे काम वर्गावर शिकवण्याचे. मधली जागा मोकळी, आणि त्या मोकळ्या जागेत पोरगा पडला.

विद्यापीठाच्या क्रीडा विभागाने खेळाडूच्या अभ्यासाची जबाबदारी घ्यावी काय, घ्यावी तर कशी, आणि ती कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न आपल्याकडे फारसा चर्चेला येत नाही. अमेरिकेत मात्र तो चाळीस वर्षे गाजतो आहे. कारण उघड आहे. आपल्याकडे महाविद्यालयाचा जिमखाना म्हणजे एक कपाट, दोन जाळ्या आणि एक शिक्षक. तिकडे विद्यापीठाचा क्रीडा विभाग म्हणजे स्वतंत्र संस्थानच. फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या सामन्यांना मोठमोठी स्टेडियम भरतात, दूरदर्शनच्या हक्कांचे कोट्यवधी डॉलर येतात, आणि खेळाडूला शिष्यवृत्ती देऊन विद्यापीठात आणले जाते. त्या व्यवहारात विद्यापीठ त्याला म्हणते, तू आमच्यासाठी खेळ, आम्ही तुला शिक्षण देऊ. हे शिक्षण खरेच दिले जाते काय, एवढाच प्रश्न आहे, आणि तो न्यायालयापर्यंत गेला.

केव्हिन रॉस नावाचा एक उंचापुरा तरुण. कॅन्सस राज्यातील शाळेतून 1978 साली नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथील क्रेटन विद्यापीठात तो बास्केटबॉलच्या शिष्यवृत्तीवर आला. प्रवेश परीक्षेत त्याला 36 पैकी 9 गुण होते, आणि त्या वर्षी तेथे आलेल्या इतर विद्यार्थ्यांची सरासरी 23 च्या वर होती. म्हणजे हा मुलगा ह्या विद्यापीठाचा अभ्यास पेलणार नाही, हे पहिल्या दिवशीच कागदावर दिसत होते. त्याने पुढे न्यायालयात केलेल्या तक्रारीनुसार, शिकवणीची सोय करू असे त्याला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात क्रीडा विभागाच्या सल्ल्याने त्याला मातीची भांडी बनवणे, नेमबाजी, बास्केटबॉलची तत्त्वे असले विषय देण्यात आले, आणि त्याचे निबंध वाचून, लिहून, टंकलिखित करण्यासाठी एक सेक्रेटरी लावून देण्यात आली. चार वर्षांनी खेळण्याची मुदत संपली. पदवीला 128 श्रेयांक लागत, त्याच्याकडे 96 होते. त्याची भाषा चौथीच्या मुलाएवढी होती आणि वाचन सातवीच्या मुलाएवढे.

पुढचा भाग आम्हां शिक्षकांनी थांबून वाचावा असा आहे. 1982 साली हा विशीतला, साडेसहा फुटांहून उंच गडी शिकागोतील वेस्टसाइड प्रेपरेटरी ह्या मार्वा कॉलिन्स बाईंच्या शाळेत दाखल झाला. खर्च विद्यापीठानेच केला. लहान मुलांच्या बाकांवर, त्या मुलांच्या शेजारी, एक वर्ष बसून तो नीट वाचायला शिकला. विद्यापीठातील चार वर्षांत जे झाले नाही ते एका प्राथमिक शाळेने करून दाखवले. आम्ही आयुष्यभर पहिली ते सातवीच्या वर्गांवर खडू झिजवला, म्हणून ह्या गोष्टीचे आम्हांला विशेष वाटते असे कोणी म्हणेल. म्हणोत. वाटते खरे.

रॉसचे पुढे चांगले झाले नाही. शिकागोतील दुसऱ्या विद्यापीठात त्याने नाव घातले, पण पैशाअभावी ते सुटले. 1987 साली त्याने एका हॉटेलच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतले आणि खिडकीतून एकेक सामान खाली फेकले. ते सामान म्हणजे आपल्यावर अन्याय करणारी विद्यापीठातील माणसे, असे त्याला त्या क्षणी वाटत होते. 1989 साली त्याने क्रेटनवर दावा लावला. 1992 च्या फेब्रुवारीत अपील न्यायालयाचा निकाल आला. शिक्षण वाईट दिले म्हणून विद्यापीठाला जबाबदार धरता येणार नाही, कारण शिक्षणाचा दर्जा मोजण्याचे माप न्यायालयापाशी नाही. मात्र ठराविक सोय देण्याचे वचन दिले असेल आणि ती मुळीच दिली नसेल, तर तो वचनभंग आहे व त्याचा दावा चालू शकतो, असे न्यायाधीशांनी म्हटले. नंतर प्रकरण 30,000 डॉलरवर मिटले. विद्यापीठाने दोष कबूल केला नाही.

हे एकट्या रॉसचे झाले असते तर अपवाद म्हणून सोडता आले असते. पण त्याच 1989 साली डेक्स्टर मॅन्ली हा गाजलेला व्यावसायिक फुटबॉलपटू अमेरिकेच्या सिनेटसमोर उभा राहिला आणि ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात चार वर्षे काढूनही आपल्याला वाचता येत नव्हते, हे सांगताना रडला. देश हादरला. सिनेटर बिल ब्रॅडली स्वतः प्रिन्स्टन विद्यापीठाचे बास्केटबॉलपटू, ऑक्सफर्डला शिकून आलेले. त्यांच्यासारख्यांच्या प्रयत्नाने 1990 साली कायदा झाला. शिष्यवृत्तीवर आलेल्या खेळाडूंपैकी किती जण पदवी घेऊन बाहेर पडले, हा आकडा महाविद्यालयांनी जाहीर केलाच पाहिजे असे त्यात आले. आणि 1991 साली विद्यापीठीय खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए ह्या संघटनेने दोन गोष्टी केल्या. सक्तीच्या सरावाला आठवड्याला 20 तासांची मर्यादा घातली, आणि पहिल्या श्रेणीतील प्रत्येक विद्यापीठाने खेळाडूंना अभ्यासाचे मार्गदर्शन व शिकवणी पुरवणे बंधनकारक केले.

आज तेथे ह्या कामासाठी स्वतंत्र केंद्रे आहेत. नव्या खेळाडूला आठवड्यातले ठराविक तास अभ्यासिकेत बसावे लागते. प्रत्येक विषयाला शिकवणारे असतात, वाचन-लेखनात मागे पडलेल्यांसाठी वेगळे तज्ज्ञ असतात, सामन्याच्या तारखा सत्राच्या सुरुवातीलाच प्राध्यापकांकडे जातात आणि बुडणाऱ्या चाचणीची पर्यायी तारीख ठरते. आम्ही बी.एड. करीत असताना नैदानिक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन असे एक प्रकरण होते. मूल कुठे अडले ते आधी शोधा, मग तेवढेच पुन्हा शिकवा. आम्ही ते प्रकरण परीक्षेपुरते पाठ केले आणि नोकरी लागल्यावर विसरलो. तिकडे त्यासाठी इमारती बांधल्या.

पण इमारत उभी राहिली म्हणजे काम झाले असे समजणाऱ्यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची हकीकत ऐकावी. चॅपल हिल येथील हे विद्यापीठ मोठ्या इभ्रतीचे. मायकेल जॉर्डन येथलाच. 2014 च्या ऑक्टोबरमध्ये केनेथ वेनस्टीन ह्या माजी सरकारी वकिलांचा चौकशी अहवाल बाहेर आला आणि इभ्रतीला भगदाड पडले. 1993 ते 2011 अशी 18 वर्षे तेथील आफ्रिकी व आफ्रो-अमेरिकन अभ्यास विभागात असे वर्ग चालत होते की जे कधी भरतच नव्हते. फळा नाही, व्याख्यान नाही, हजेरी नाही. सत्राअखेर एक निबंध द्यायचा. तो बहुतेक वेळा प्राध्यापक नव्हे, तर विभागाच्या कार्यालयातील एक कर्मचारी बाई वरवर चाळत आणि भरघोस गुण देत. 3,100 हून अधिक विद्यार्थ्यांनी असे वर्ग घेतले. विद्यापीठात खेळाडूंचे प्रमाण 4 टक्क्यांच्या आसपास, पण ह्या कागदी वर्गांत जवळजवळ निम्मे खेळाडू.

आणि त्यांना तिकडे पाठवीत कोण होते? खेळाडूंच्या अभ्यासाला मदत करण्यासाठीच नेमलेले समुपदेशक! त्या बाई 2009 साली निवृत्त झाल्या तेव्हा ह्या मंडळींची धावपळ उडाली. फुटबॉलच्या प्रशिक्षकांसमोर त्यांनी तक्ता मांडला. ज्या वर्गांत आपल्या मुलांना जावे लागत नव्हते, टिपणे काढावी लागत नव्हती, जागे राहावे लागत नव्हते, ते वर्ग आता उरले नाहीत, असा त्याचा मथितार्थ. साहाय्य केंद्रच पळवाटेचा दरवाजा धरून उभे होते. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणतात ते हेच. आणि ज्या काळ्या समाजाच्या इतिहासाचा अभ्यास व्हावा म्हणून तो विभाग काढला, त्याच समाजातील कितीतरी खेळाडू मुलांना त्याच विभागाच्या नावाने काही न शिकवता पुढे ढकलले गेले, ह्याहून क्रूर थट्टा कोणती?

विद्यापीठाला मान्यता देणाऱ्या संस्थेने 2015 साली त्याला वर्षभर निरीक्षणाखाली ठेवले. एनसीएएने मात्र 2017 च्या ऑक्टोबरमध्ये हात वर केले. हे वर्ग फक्त खेळाडूंसाठी नव्हते, इतरही विद्यार्थी त्यांत होते, त्यामुळे खेळाडूंना विशेष सवलत दिल्याचा नियमभंग सिद्ध होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. सर्वांनाच न शिकवल्यामुळे कोणावर अन्याय झाला नाही, असा हा न्याय!

ह्या अहवालातील एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. त्या कर्मचारी बाईंनी पैसे खाल्ले नव्हते. अडचणीत सापडलेल्या मुलांविषयी त्यांना कळवळा होता. आपण त्यांना हात देतो आहोत असे त्यांना वाटत होते. अठरा वर्षांची फसवणूक दयेतून सुरू झाली. हे वाचून आम्हांला आमचीच एक दुपार आठवली. आमच्या शाळेचा खो-खोचा संघ जिल्ह्याला जाऊन आला होता. गणिताच्या चाचणीत संघातील दोन मुले गारद झालेली. मुख्याध्यापक म्हणाले, खेळून दमलीत, द्या काठावर ढकलून. आम्ही दिले. लाल शाईने 11 चे 18 करायला काय लागते? मुले खूश, पालक खूश, आम्हीही मोठ्या मनाचे ठरलो. अपूर्णांकांची वजाबाकी मात्र त्यांना आली नाही ती आलीच नाही. त्यांतील एक आज गवंड्याच्या हाताखाली आहे आणि मापे काढताना दुसऱ्याला विचारतो. तेव्हा चॅपल हिलकडे बोट दाखवताना तीन बोटे आपल्याकडे वळतात, हे आम्ही जाणून आहोत.

आता तिकडे वारे बदलले आहे. 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे मिळवता येतात, आणि 2025 च्या जुलैपासून विद्यापीठेच त्यांना थेट मोबदला देऊ लागली आहेत. खेळणाऱ्याला पैसे मिळाले ह्यात गैर काहीच नाही. पण पैसे दिले की शिक्षणाचे वचन फिटले, असे मात्र कोणी म्हणू नये.

आपल्या भागाकडे वळू. बेळगाव, खानापूरकडची मुले पूर्वी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखालील महाविद्यालयांत जात. 2010 पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ आले. चंदगड, गडहिंग्लजकडची कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली. विद्यापीठ कोणतेही असो, व्यवस्थेचा साचा एकच. स्पर्धा भरवायच्या, संघ निवडायचा, शिबिर घ्यायचे, आंतरविद्यापीठ स्पर्धेला पाठवायचे. 2020 साली खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा भुवनेश्वरला सुरू झाल्या, 2022 साली त्या बेंगळुरूला झाल्या, त्यामुळे मुलांचे बाहेर राहण्याचे दिवस आणखी वाढले. सत्र पद्धतीत चार महिन्यांचा अभ्यासक्रम. त्यातले पाच आठवडे गेले तर उरते काय? वार्षिक परीक्षेच्या काळात उन्हाळ्यात बसून भरून काढता येत असे. आता तीही फुरसत नाही.

सीमाभागातील मराठी मुलाच्या बाबतीत ह्यात आणखी एक गाठ आहे, आणि ती बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. हा मुलगा दहावीपर्यंत मराठीतून शिकतो. पुढे एकदम इंग्रजी किंवा कानडी पुस्तक हातात येते. तो ते वाचू शकत नाही असे नाही, पण एका पानाला अर्धा तास लागतो. मग तो तगून राहतो कशावर? वर्गावर. प्राध्यापक जाता जाता एखादा शब्द मराठीत सोडून सांगतात, शेजारचा मित्र कोपर मारून अर्थ सांगतो, फळ्यावरची आकृती पाहून गाडी पुढे जाते. ह्या मुलासाठी वर्ग हाच दुभाष्या असतो. शहरातला, इंग्रजी शाळेतून आलेला खेळाडू पाच आठवडे बाहेर राहिला तरी परत येऊन पुस्तक उघडतो आणि वाचतो. आमच्या पोराचा वर्ग बुडाला की पुस्तकही मिटले. त्या संध्याकाळी आम्ही त्या मुलाला अर्थशास्त्राचे पुस्तक काढायला सांगितले. मागणीची लवचिकता ह्या धड्यापाशी तो अडला होता. इंग्रजी व्याख्या त्याने घडाघडा म्हणून दाखवली. अर्थ विचारला तर खाली पाहू लागला. मग आम्ही विचारले, मीठ महागले तर तुझी आई कमी आणते का? नाही म्हणाला. आणि काजू महागले तर? हसला. दहा मिनिटांत धडा झाला. तीन वर्षांत त्याला ही दहा मिनिटे कोणी दिली नव्हती.

म्हणून आमचे म्हणणे असे की खेळाडूला साहाय्य म्हणजे हजेरी नव्हे आणि वाढीव गुणही नव्हेत. सवलतीचे गुण मिळत असतील तर मिळोत, त्याला आमचा विरोध नाही. पण ते खेळाचे बक्षीस आहे, अभ्यासाची भरपाई नव्हे. बुडालेला धडा परत देणे, त्याला कळेल त्या भाषेत देणे, आणि बुडालेल्या परीक्षेसाठी दुसरी तारीख देणे, हे साहाय्य.

हे आपल्या देशात अशक्य आहे काय? 2018 च्या एप्रिलमध्ये पंधरा वर्षांचा नेमबाज अनीश भानवाला राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आला आणि लगेच दहावीचे राहिलेले पेपर लिहायला बसला. स्पर्धा आणि परीक्षा एकाच वेळी येत होत्या म्हणून केंद्रीय मंडळाने त्याच्यासाठी स्वतंत्र तारखा दिल्या होत्या. गुण फुकट दिले नाहीत, तारीख दिली. हा फरक फार मोठा आहे. आणि दूर कशाला, बेळगावातच मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात बॉईज स्पोर्ट्स कंपनी आहे. लहान वयात मुले निवडतात, तालीम देतात, राहण्याजेवण्याची सोय करतात आणि शाळाही शिकवतात. लष्कराला जे जमते ते विद्यापीठाला जमू नये?

खाशाबा जाधवांचे नाव आपल्या तालमीतालमीत घेतले जाते. 1952 साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावेच. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यातून आले. पण त्या गोष्टीतला प्राचार्य आपण विसरतो. विद्यार्थी मैदानावर गेला म्हणून तो आपल्या जबाबदारीतून सुटला, असे त्या शिक्षकाला वाटले नाही. आज कोणी घर गहाण टाकावे अशी आमची मागणी नाही. आठवड्यातले चार तास मागतो.

आमच्या शाळा समितीने ह्या महिन्यात दोन्ही बाजूंच्या विद्यापीठांना एक पत्र लिहायचे ठरवले आहे. त्यात फार काही नाही. क्रीडा विभागाने संघ जाहीर करताना त्या मुलांच्या बुडणाऱ्या तासांचे पत्रक प्राचार्यांना पाठवावे आणि प्रत्येक महाविद्यालयाने ते तास परत घेण्यासाठी एक प्राध्यापक नेमून त्याचे मानधन खेळाच्या निधीतून द्यावे. मात्र तो प्राध्यापक प्राचार्यांना उत्तरदायी असावा, क्रीडा विभागाला नव्हे. चॅपल हिलचा धडा तोच आहे. ज्याला सामना जिंकायचा आहे त्याच्याच हाती अभ्यासाची किल्ली दिली तर ती कोणत्या कुलुपाला लागेल हे सांगायला नको. तिकडेही ते केंद्र आता क्रीडा विभागाकडे नाही, विद्येचा कारभार पाहणाऱ्या प्रोव्होस्टच्या अखत्यारीत आहे. आणि शेवटचे, आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे: विद्यापीठाकडून खेळलेल्या मुलांपैकी किती जण पदवी घेऊन बाहेर पडले, हा आकडा दरवर्षी वार्षिक अहवालात पदकांच्या यादीशेजारी छापावा. पदके मोजणाऱ्यांना माणसेही मोजता आली पाहिजेत.

पत्राचे उत्तर येईल तेव्हा येईल. सरकारी लखोट्याची वाट पाहण्यात आमची उमर गेली आहे. तोवर आमच्या शाळेची दक्षिणेकडची खोली मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी संध्याकाळी सात ते नऊ उघडी राहील. दोन निवृत्त शिक्षक आणि बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तयार झाले आहेत. अर्थशास्त्र, इतिहास आणि इंग्रजी एवढे होईल. विज्ञानाला अजून कोणी मिळालेले नाही, आसपासच्या गावांत कोणी असेल तर कळवावे. पंचक्रोशीतील खेळणारी मुले, आणि मुली विशेषकरून, कारण त्यांना संध्याकाळी पाठवायला घरचे कुरकुरतात, त्यांनी भावाला सोबत घेऊन यावे; भावालाही बाक आहे. बी.ए., बी.कॉम.च्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि टिपणे कोणाच्या माळ्यावर पडली असतील तर रद्दीत घालू नयेत, शाळेत आणून द्यावीत.

तो कबड्डीपटू पहिल्या गुरुवारी आला होता. पाचपैकी दोन विषय ह्या खेपेला बांधायचे असे ठरले आहे. सराव सुटत नाही म्हणून तो साडेसातला येतो. खोलीची किल्ली शेजारच्या किराणा दुकानात ठेवली आहे.